आवाज घे, तोंड नको

१२ जानेवारी

कानसेन म्हणतो, डायरेक्टरनं रोजनिशी लिहावी. कुठला शॉट कधी घेतला, काय राहिलं, काय बिघडलं. कानसेन म्हणजे माझा साउंड रेकॉर्डिस्ट, म्हणजेच कॉलेजपासूनचा मित्र, जो माझ्या फिल्मसाठी फुकटात राबणार आहे आणि त्या बदल्यात मला वाट्टेल ते सुनावणार आहे. "डायरेक्टरीणबाई, तुम्हाला आठवत काही नाही आणि खात्री मात्र सगळ्याची असते," म्हणाला. मेल्याला एक दिवस बघून घेईन. पण वही आणली.

तर नोंद. मी, वय अडतीस. पोटासाठी कारखान्यांच्या सुरक्षेच्या फिल्म एडिट करते. हेल्मेट घाला, ओल्या फरशीवर पळू नका, वगैरे. चौदा वर्षं झाली. आता पहिल्यांदा स्वतःची फिल्म करायची आहे, वीस मिनिटांची, स्वतःच्या सुट्ट्या मोडून. तीस एप्रिलच्या आत लघुपट महोत्सवाकडे पाठवायची. विषय मीच.

मला जन्म दिला मावशीनं आणि वाढवलं आईनं. दोघी सख्ख्या बहिणी. मावशी थोरली, तिला दोन मुलगे होते, तिसरी मी. आईला मूल नव्हतं. मी नऊ महिन्यांची असताना मावशीनं मला आईच्या पदरात टाकलं. घरात हे कुणी लपवलं नाही आणि कुणी बोललंही नाही. बाराव्या वर्षी मला सांगितलं, तेव्हा मी "बरं" म्हणून खेळायला गेले, असं आई सगळ्यांना कौतुकानं सांगते. खेळायला कसली जाते! मागच्या भिंतीआड बसून रडत होते. तिला अजून माहीत नाही.

आरशात बघितलं तर मावशीचं नाक. तोंड उघडलं की आईचे टोमणे. मग मी नक्की कोणाची, एवढंच मला फिल्ममध्ये विचारायचं आहे. कानसेन म्हणाला, "आणि उत्तर मिळालं तर?" म्हटलं, मिळायलाच हवं, नाहीतर वीस मिनिटं संपवायची कुठे?

१९ जानेवारी

मावशीकडे पहिला दिवस. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ट्रायपॉड, लाइट, बॅग घेऊन जिने चढताना जीव मेटाकुटीला आला. कानसेन नव्हता, त्याचा कान फुटलाय. साउंडवाल्याचा कान फुटावा, म्हणजे कमालच झाली!

मावशी कपडे दुरुस्त करून देते. चेन बदलणं, कंबर आवळणं, बाही आखूड करणं. खिडकीशी मशीन, भिंतीवर दोऱ्यांची रिळं. मी कॅमेरा लावला तशी तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. "सत्तरीच्या बाईचं तोंड बघायला कोण बसलंय? आवाज घे, तोंड नको. हात घे हवे तर. हातांना लाज नसते."

हात घेतले. दीड तास. सुंदर आलेत. एक जुनी शिवण उसवत होती, इतक्या हलक्या हातानं की कापडाला कळू नये.

मग बोलायचं म्हटलं तर तेही जमेना. "तू समोर बसलीस तर मला काही सुचणार नाही. ते यंत्र ठेव आणि खाली जाऊन भाजी घेऊन ये." लाल बटण दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद, एवढं शिकवलं आणि गेले. परत आले तर बाईसाहेब मशीनवर. "झालं बोलून," म्हणाल्या. डोळे लाल होते. मी विचारलं नाही, भाजीत गवार कोवळी मिळाली यावर बोललो.

२५ जानेवारी

आईचंही तेच! एकीनं म्हणावं आणि दुसरीनं ऐकावं, अशा बहिणी. "ताईचं तोंड घेतलंस का? नाही ना? मग माझंही नको. आवाज घे." आणि मलाही बाहेर हाकललं. तळमजल्यावरचं घर, त्यामुळे मी पायरीवर जाऊन बसले. आईला वाटलं मी बागेत गेले.

आईचे हात घेतले डबे पुसताना आणि त्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना. आई चौतीस वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती. घरात मिठाच्या डब्यावरसुद्धा तारीख असते. जाताना मला म्हणाली, "त्या तुझ्या आवाजांवर लगेच चिठ्ठी लाव हं. नमुना घेतला की लगेच नाव. नंतर लावू म्हटलं की घोटाळा झालाच म्हणून समज."

"आई, ही लॅब नाहीये."

"चूक सगळीकडे सारखीच होते," ती म्हणाली. हिच्याशी कोण बोलणार!

६ फेब्रुवारी

ऑफिसात क्रेनच्या फिल्मनं बारा दिवस खाल्ले. आज आवाज उघडले. दोघींनी बटण इतक्या वेळा दाबलंय की तेवीस तुकडे झालेत, काही नुसत्या खोकल्याचे. त्यात मधे बॅटरी बदलल्यामुळे तारखाही उडाल्यात. पण ठीक आहे, कानानं लावले. दोघींचे आवाज सारखे आहेत हे खरं, फोनवर बाबांचीसुद्धा फसगत व्हायची, पण मला झोपेतही ओळखू येतात. अडतीस वर्षांचा रियाज आहे.

आणि त्यात एक तुकडा सापडला. मावशीचा. जसाच्या तसा उतरवून ठेवते.

"मी तिला नेऊन सोडलं. नवीन चप्पल घेतली होती, तीच घालून दिली. मला वाटलं रडेल. रडली नाही, हात सोडून आत गेली. दार लागलं. मग मी तिथेच जिन्यात बसले. खाली उतरायला पाय होईनात. बरोबर केलं, बरोबर केलं, असं म्हणत बसले. आणि रोज संध्याकाळी वाटायचं, आज जावं आणि घेऊन यावं. पण दिलेलं परत मागू नये."

मी तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवले आणि खूप रडले. म्हणजे मावशीला इतकं झालं होतं तर! मला आपलं वाटायचं, दोन होतेच, तिसरी नको झाली असेल. आयुष्यभर मनात हे बारीक कुसळ घेऊन फिरले. आणि ती जिन्यात बसली होती.

नऊ महिन्यांच्या बाळाला चप्पल कशाला, कोण जाणे. हौस असेल.

२२ फेब्रुवारी

फिल्म बसली. अशी बसली की मलाच खरं वाटत नाही. मावशीचे हात शिवण उसवतायत आणि वर तो आवाज. शेवटी अंधार आणि पाटी: "जिनं मला सोडलं, तीच माझी आई."

दहा वेळा पुसली, दहा वेळा परत लिहिली. आईला काय वाटेल? आईनं काय कमी केलं? तापात उशाशी बसली, गणितं घेतली, पहिल्या नोकरीला डबा दिला. पण आईला मी मिळाले. मावशीनं मला गमावलं. ज्याचं गेलं त्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला नको का? निदान एका फिल्मनं?

आई समजून घेईल. आई नेहमीच समजून घेते. तिचा तोच स्वभाव आहे.

९ मार्च

आज दोघींना फिल्म दाखवली. आईच्या घरी, पडदे ओढून, लॅपटॉप स्टुलावर.

सुरुवातीला दोघी खिदळत होत्या. "ताई, तुझं बोट बघ किती वाकडं!" "तुझे डबे बघ, दुकान मांडल्यासारखे!" मग तो तुकडा आला. "मी तिला नेऊन सोडलं..." मावशी चमकून आईकडे वळली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. पाटी येऊन जाईपर्यंत धरून ठेवलं. मावशीला किती भरून आलं असेल आणि आईनं किती मोठ्या मनानं तिला सावरलं! कॅमेरा लावला असता तर, असं वाटून गेलं. डायरेक्टरची जात वाईट.

दिवा लावल्यावर मावशी म्हणाली, "अगं भवानी, हे..." पण आई मधेच बोलली. "छान झालीय. आवाज स्वच्छ आलाय."

बस, एवढंच. मग चहा टाकायला गेली, आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. मावशी तिच्यामागे आत गेली. मला कुजबुज ऐकू आली, शब्द नाही कळले. जाताना मावशीनं माझ्या गालाला हात लावला आणि नुसती मान हलवली.

मला वाटलं होतं, मावशी मला मिठी मारेल. नाही मारली.

१३ मार्च

आईचा चार दिवस फोन नाही. मी केला तर म्हणाली, कपाटं आवरतेय. रागावलीस का विचारलं, तर म्हणाली, "रागावायला काय झालं? जे खरं ते तू म्हटलंस." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी मिळालं असतं.

पाटी बदलू का? कानसेनला विचारलं. तो म्हणाला, "मला आधी आवाज ऐकू दे. शनिवारी येतो, कान बरा झालाय."

१५ मार्च

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

कानसेन आला. हेडफोन लावून डोळे मिटून बसला, त्याची ती नेहमीची समाधी. तुकडा एकदा ऐकला. परत ऐकला. मग विचारलं, "हे कुठे घेतलंस?"

"मावशीकडे."

"मावशींकडे भिंतीवरचं घड्याळ आहे?"

"नाही. मावशी वेळ फोनवर बघते."

त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावले आणि आवाज वाढवला. बोलण्याच्या मागे, अगदी तळाशी, टिक. टिक. आणि प्रत्येक चौथी टिक जराशी लंगडी. हे घड्याळ मी ओळखते. बाबांनी आणलेलं, आईच्या पलंगावरच्या भिंतीला टांगलेलं. लहानपणी मी त्या लंगड्या टिकवर झोपले आहे.

"हा आवाज काकूंचा आहे," कानसेन म्हणाला. त्यानं माझी चेष्टा केली नाही. केली असती तर बरं.

म्हणजे आईच्या आवाजावर मी मावशीचं नाव लावलं. आईचं रडणं मावशीच्या हातांवर चढवलं, आणि ते आईलाच समोर बसवून दाखवलं, आणि वर पाटी लावली की तू माझी आई नाहीस. आणि ती म्हणाली, आवाज स्वच्छ आलाय.

पण आईनं मला कुणाच्या दारात सोडलं? कधी?

१६ मार्च

सकाळी सात वाजता आईच्या दारात. तिनं माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "कळलं वाटतं. ये आत."

"तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम केलंस. फिल्ममध्ये चालतं म्हणतात असं."

"म्हणजे मी तुझं दुःख उचलून मावशीला देईन, असं वाटलं तुला?"

"तिचंही होतंच की गं. म्हटलं, कुणाच्या तरी कामी येतंय. पडून राहण्यापेक्षा बरं." मग म्हणाली, "पाटी मात्र लागली मला. खोटं कशाला बोलू."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. अडतीस वर्षांची घोडी. ती पाठीवर थोपटत राहिली आणि मग तिनं सांगितलं.

मी पाच वर्षांची होते. शाळेचा फॉर्म भरायला बसली. माझं नाव लिहिलं, बाबांचं लिहिलं. पुढची ओळ, आईचे नाव. "आणि हात थांबला बघ. मी रोज शंभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणारी बाई. ज्याचं रक्त त्याचं नाव, हा आमचा धर्म. त्यात कधी एक चूक नाही केली. मग इथे माझं नाव कसं लिहू? तोवर सगळं घरातलं होतं. आता कागदावर जाणार होतं. कागदावर गेलं की ताईचं कायमचं गेलं. म्हटलं, त्याआधी तिला एकदा विचारावं. पण विचारायचा धीर होईना. ती 'हो, दे' म्हणाली तर? म्हणून विचारलंच नाही. तुला सरळ नेऊन सोडलं."

"परत द्यायला?"

"परत द्यायला."

बारा दिवस मी मावशीकडे होते. मला त्यातला एकही आठवत नाही. तेराव्या दिवशी मावशी मला घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "मला नाही जमत तीन-तीन पोरं. तूच सांभाळ. लिही तुझं नाव."

"तिला न जमायला काय झालं होतं?" आई म्हणाली. "चार सांभाळली असती तिनं. दया केली माझ्यावर. माझा चेहरा बघवला नसेल. तेहतीस वर्षं तिचे हे उपकार वागवतेय मी. म्हणून तर तुझी पाटी बघून गप्प बसले. म्हटलं, होऊ दे तिची. फिटतील थोडे."

असल्या बाईपुढे माणसानं काय करावं? मी चहा केला. साखर दोनदा घातली. तिनं सगळा प्यायला.

१७ मार्च

पाटी काढली. आवाज आईच्या हातांवर ठेवला. मावशीच्या हातांवर मावशीचेच तुकडे, खोकल्यासकट. उरलेले बावीस कानसेनकडून तपासून घेतले. त्याच्यासमोर प्रत्येकावर नाव लिहिलं. तो म्हणाला, "आता खात्री आहे?" म्हटलं, गप.

फिल्मला शेवट नाही आता.

२२ मार्च

शेवट मिळवायचाच म्हणून आज दोघींना आईच्या घरी बसवलं. तोंड दाखवायला तयार झाल्या. "दाखवायचं तर दोघींचं," अशी अट. आदल्या दिवशी दोघींनी फोनवर साडीचा रंग ठरवला होता म्हणे. कॅमेरा सुरू, कानसेन कोपऱ्यात. मी मावशीला विचारलं, "तेराव्या दिवशी मला परत का आणून सोडलंस?"

मावशीनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "विचारतंय कोण? डायरेक्टर की लेक?"

एवढा सोपा प्रश्न. पण दोन महिने माझ्यात तो फरकच उरला नव्हता. मग म्हटलं, "लेक."

"मग बंद कर ते."

बंद केलं. कानसेन हेडफोन काढून, मला सिगरेट ओढायची आहे म्हणत बाहेर गेला. तो सिगरेट ओढत नाही.

मावशी आईकडे न बघता माझ्याशी बोलत होती. "हिनं तुला सोडलं आणि पळाली. एक शब्द बोलली नाही. मला कळलं, दिली. मी तुला शिकवलं, मला मावशी नाही म्हणायचं, आई म्हणायचं. तू शहाणी, लगेच ऐकलंस. आई पाणी दे. आई वेणी घाल. मी हवेत. उगीच हाका मारायला लावायचे तुला. तू जेवत होतीस, खेळत होतीस, काही तक्रार नाही. बाराव्या दिवशी मी मशीनवर बसले होते. तू शेजारी येऊन उभी राहिलीस. रडणं नाही, हट्ट नाही. विचारलंस, 'आई, मला आईकडे कधी नेणार?'"

आईनं मावशीकडे बघितलं.

"मशीन थांबवलं," मावशी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी आणून पोचवलं."

आई म्हणाली, "ताई, मला म्हणालीस जमत नाही म्हणून. मी आजवर समजत होते, तू दया केलीस. हे का नाही सांगितलंस गं? हिनं मला मागितलं होतं, हे तरी सांगायचंस."

"कसं सांगू? मला ती आई म्हणाली होती, हे कुणाला तरी सांगावं असं मला रोज वाटायचं. रोज. पण एवढंच कसं सांगायचं? सांगायला घेतलं की तो प्रश्न पुरा करावा लागला असता."

आई उठली. खुर्ची ओढून मावशीच्या खुर्चीला लावली आणि तिच्याशेजारी बसली. दोघी समोर भिंतीकडे बघत होत्या, एकसारखं नाक ओढत. मला दोघींतली कुठली कुठे संपते, ते कळेना.

मी हाक मारली, "आई."

आईनं मान वर केली. नेहमीची सवय, ओठ उघडलेसुद्धा. मग तिनं ते मिटले आणि मावशीला कोपरानं हळूच ढोसलं.

मावशीनं ओ दिली.